साडूंनी मोडलेला सौदा

इंग्लंडच्या राजाने आमच्या साडूंना विचारलं असतं, तर एकही जहाज किनारा सोडून हललं नसतं. साडू देगलूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. इंग्रज आपलं घरदार सोडून समुद्रापलीकडे वसाहती करायला का गेले आणि कसे गेले, हा एकच धडा त्यांनी जन्मभर शिकवला. बाकीचा इतिहास मुलं घरी वाचून यायची. पंगतीत शेजारच्याला तीन मुलगे आहेत असं कळलं, की यांचा घास हातातच राहायचा. "तिसऱ्याचं काय करणार? तिकडं सगळी जमीन थोरल्याला. धाकट्यानं जावं कुठं? चढला जहाजावर!" एकदा भर रस्त्यात एका धनगराला अडवून त्यांनी ऐकवलं, की लोकरीला भाव आला म्हणून तिकडच्या जमीनदारांनी शेतांना कुंपणं घालून मेंढरं सोडली आणि कुळं देशोधडीला लागली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मास्तर, माझी मेंढरं कुणाच्या रानात गेली न्हाईत हो."

मी चौथी नापास. देवणीच्या बाजारात उन्हात उभा राहून बैलांचा व्यापार शिकलो, डोक्यावर कुणाचा हात नव्हता. त्यामुळे त्यांच्या धड्यातला धंदा तेवढा मला कळायचा. "म्हणजे व्यापाऱ्यांनी भाग जमवून कंपनी काढली आणि राजानं न बघितलेली जमीन त्यांना लिहून दिली?" मी एकदा विचारलं. "हाव." "पण ती काय राजाच्या बापाची होती?" साडूंनी उठून मला मिठीच मारली. "तेच तर, साडूभाऊ! माझ्या एका पोरानं आजवर हे इचारलं न्हाई!"

बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला. लोक पिशव्या घेऊन उभे आणि हे रांगेकडे तोंड करून सांगताहेत : "हे धान्य जिथून आलं ना, तिथं पहिल्या साली गोरे उपाशी मरून राहिले होते. सोनं हुडकत बसले, कुदळ धरायला कुणी तयार न्हाई. तिथल्या लोकांनी मका दिला म्हणून जगले. अन् मग त्यांच्याच रानाला कुंपण घातलं." मागची बाई म्हणाली, "मास्तर, आधी पुढं सरका, मग सांगा." ते सरकले नाहीत, लोकच त्यांना वळसा घालून पुढे गेले. मिलो संपला. साडू रिकामी पिशवी घेऊन घरी गेले आणि मेहुणीने त्यांना त्या दिवशी जे सुनावलं ते कुठल्याच इतिहासात नाही.

पुढे काही वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा होणार अशी पक्की खबर मला लागली. जन्मभर दुसऱ्याच्या ओट्यावर बसून धंदा केला होता. एकदा स्वतःच्या जागेवर बसायचं होतं. लातूरला गावाबाहेर एका म्हाताऱ्याचा माळ होता. त्याची जनावरं दुष्काळात गेली होती, तो विकायला तयार होता. अट एकच : सौदा बैलबाजारासारखा रुमालाखाली, आणि साक्षीला शिकलेला माणूस. मी साडूंना घेऊन गेलो. एसटीत फुशारकीने त्यांना मनातला आकडाही सांगितला आणि म्हाताऱ्याला जिल्ह्याचा पत्ता नाही हेही सांगितलं. साडू खिडकीबाहेर रानांची कुंपणं बघत राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रुमालाखाली दोघांचीच बोटं बोलतात. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, हा बाजाराचा धर्म. म्हाताऱ्याने माझी बोटं दाबून धरली, सौदा बसलाच म्हणायचा. इतक्यात साडू उभे राहिले आणि त्यांनी तो आकडा मोठ्याने म्हटला. "अप्पा, हा भाव माळाचा हाय. इथं जिल्हा होऊन राहिलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?"

म्हाताऱ्याने हळूच हात काढून घेतला. "मला म्हाईत न्हवतं, बाबा," एवढंच म्हणाला.

मी पेटलो. "तुम्हाला साक्षीला आणलं होतं, वकिलीला न्हाई!"

"साडूभाऊ, तिकडंबी असंच झालं. काचेच्या मण्यांवर तिथल्या लोकांचं रान गेलं. कुणीतरी मधी बोलायला पाहिजे होतं."

"मग जावा तिकडंच!"

वीस वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. लग्नकार्यात ते हात जोडून "साडूभाऊ, शरणार्थ" म्हणत जवळ यायचे, मी उठून दुसऱ्या पंगतीला बसायचो. म्हाताऱ्याच्या माळावर दुकानं उभी राहिली. तिथून जाताना दर वेळी मी त्यांना मनात शिव्या घातल्या.

गेल्या उन्हाळ्यात साडू वारले. देगलूरला गेलो. ओसरीवर बसलेला एक पस्तिशीतला माणूस, त्यांचा जुना विद्यार्थी, उठून माझ्या पाया पडला.

"देवणीचे साडू तुम्हीच ना? मास्तर दरसाल वर्गात सांगायचे तुमचं. सौदा बसत आला होता, पण म्हाताऱ्याला जिल्ह्याचं ठावं न्हाई म्हणून साडूनं आपणहून हात काढून घेतला. म्हणायचे, असा एक माणूस त्या जहाजात असता, तर धडा येगळा राहिला असता."

मेहुणी उंबऱ्यात उभी होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने डोळ्याला पदर लावला. मी त्या विद्यार्थ्याला हात धरून शेजारी बसवलं. असलं धादांत खोटं बोलल्याबद्दल साडूंना तिथल्या तिथे गाठून कडाकडा भांडावं, असं फार वाटलं.