अकरा महिन्यांच्या मुलीची सराव परीक्षा

नांदेडहून मुंबईला विमानानं जायचं ठरलं, तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. आम्ही लातुरात राहायचो, नवरा तिथंच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. "सरावाशिवाय कुणालाच पेपरला बसवायचं न्हाई," म्हणाला आणि त्यानं मुलीच्या सराव परीक्षा लावल्या.

रोज दुपारी मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, मुलीला ओढणीनं पोटाशी बांधायचं आणि विमानाचा आवाज म्हणून मिक्सर लावायचा. रिकामा. हा घड्याळ घेऊन समोर उभा. मुलगी रडली की पेपर पहिल्यापासून. आठवड्यात मिक्सर जळाला. माझ्या माहेरचा होता. पण तोवर मुलगी घरघर ऐकली की झोपायला लागली होती. निकाल यानं गल्लीभर सांगितला.

मी एकदाच विचारलं, "आणि तुमचा सराव?" भूकंपाच्या वेळी लहानपणी याला आईनं झोपेतून उचलून बाहेर आणलं होतं. अजूनही रस्त्यानं जड ट्रक गेला, मांडणीतली भांडी वाजली, की हा मुलीला उचलून थेट अंगणात जाऊन उभा राहायचा.

"मला काय झालंय?" म्हणाला.

विमानात मुलगी ठरल्याप्रमाणे झोपली. मग ढगात विमान चांगलंच हादरलं. तिनं डोळासुद्धा उघडला नाही. मी पट्टा धरेपर्यंत माझी मांडी रिकामी झाली होती. झोपलेल्या मुलीला छातीशी धरून नवरा मधल्या वाटेत उभा होता आणि हवाईसुंदरीला विचारत होता, "बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला हाय?"