इंदिराबाईंचं ऐकायचं काम

१९५५ साली इंदिरा पारोळा रस्त्यावरच्या आपल्या गावाहून रोज एसटीने अमळनेरच्या कॉलेजात जायची. शेतकऱ्याची मुलगी, बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली. गाडीवर कंडक्टर लोटनभाऊ. थांबा आला की गावाचं नाव पुकारताना त्याची जीभ अडकायची, तो "पा... पा..." करत घाम पुसायचा आणि अख्खी गाडी हसायची. तक्रारी गेल्या होत्या. आता त्याला डेपोत गाड्या धुवायला लावणार, असं ऐकू येत होतं.

एकदा गाडी वाटेत बंद पडली. उतारू चिंचेखाली जाऊन बसले. लोटनभाऊ तिथे चरणाऱ्या गायीशी बोलत होता. सरळ, कुठेही न अडता! इंदिरा ताडकन उठून त्याच्याकडे गेली.

"लोटनभाऊ, आता कसं नीट बोललात?"

"गाय ह... हसत नही, अक्का."

मग त्याने सांगितलं. शाळेत धडा वाचताना जीभ अडकली, तर मास्तरांनी सगळ्या वर्गाला त्याची नक्कल करायला लावली होती. "हाई आजलोंग कोनले सांगेल नही." इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता.

तेव्हापासून गाडी सुटण्याआधी दोघं रिकाम्या गाडीत बसू लागली. इंदिरा त्याचा शब्द कधी पुरा करत नसे. लागेल तितका वेळ थांबायची. आधी तो रिकाम्या बाकांना गावांची नावं ऐकवी, मग ड्रायव्हर भिकनला. आणि दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, अमळनेरच्या भरल्या स्टँडवर आवाज घुमला, "पारोळा, धुळे! चला, धु... धु..." कुणीतरी हसलं. लोटनभाऊने दम घेतला. "धुळे!"

इंदिरा टाळ्या पिटत उठली. मांडीवरची पुस्तकं खाली पडली, तिला पत्ता नाही.

ती धापा टाकत कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेली. "सर, असं काम असतं? माणसाचं ऐकून घेण्याचं?"

"असतं की. मुंबईला शिकवतात."

घरी वडील, शालिग्राम आबा, चक्रावले. "लोकस्नं ऐकाले शिकनं पडस?"

"हो आबा. मला शिकायचंय!"

मुंबईला जायच्या दिवशी मात्र तिची वळकटी आबांनीच बांधली.

१९५८मध्ये ती मुंबईहून शिकून आल्यावर धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेने तिला या कामासाठी कोपऱ्यातली खोली दिली. पाटीवर काय लिहावं ते कुणालाच सुचेना. शेवटी लिहिलं, 'इंदिराबाई. या, बोला.' दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग डोक्यावरचा पदर सावरत यशोदाबाई नावाची शेतकरीण, शाळेतल्या एका मुलीची आई, दारात आली.

"डाक्टरीनबाई, औषध शे का?"

"औषध नाही. तुम्ही बोला, मी ऐकते."

"बठ्ठं सांगू? येळ लागी."

"सगळं सांगा. लागू द्या वेळ!" इंदिराबाईंनी खुर्ची जवळ ओढली. यशोदाबाई बोलू लागल्या, आणि त्या पुढे वाकून ऐकू लागल्या.