किल्ली मीच दिली

शाळेच्या व्हॅनमधली मुलं तिला ब्रेकमावशी म्हणत, आणि आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा तिला हेच नाव जास्त आवडे. तोंडावर हाक मारली तरी ती रागवायची नाही. उलट शेजारणीला सांगायची, "हॉर्नमावशी म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या."

तिचा नवरा टेलर. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे. पुढच्या खोलीत त्याचं मशीन खिडकीला लागून होतं, भिंतीवर कच्चे टाके घातलेले कोट टांगलेले, आणि खिडकीतून समोर उभी असलेली शाळेची व्हॅन दिसे. रोज सकाळी बायको व्हॅनला एक फेरी मारी, प्रत्येक चाक पायाने दाबून बघे, प्रत्येक दार उघडून धाडकन लावे आणि मगच वर चढे. मास्तर तोंडात दोरा धरून हे सगळं बघत बसे. त्याला स्वतःला सायकलसुद्धा बेताचीच यायची. पण बायको वळणावर गाडी वळवायला लागली की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे, जणू स्टिअरिंग ह्यानेच धरलंय.

ती गाडी शिकली लग्नानंतर. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर लोक रस्त्यात थांबून बघायचे, तेव्हाची गोष्ट. शिकवणारा गृहस्थ वैतागून म्हणाला होता, "बाई, तुम्ही शिवणकाम का नाही शिकत?" ती म्हणाली, "ते घरी नवरा करतो." हा किस्सा मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेताघेता सांगायचा. गिऱ्हाईक हसलं की माप चुकायचं, तरी सांगायचा.

शाळेत तिचा दरारा होता. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नसे, मग पोर कितीही रडो. मुलाला न्यायला नेहमीचं माणूस आलं नाही तर ओळखपत्र दाखवल्याशिवाय ती मूल हवाली करत नसे. एकदा एका मुलीचा मामा आला, मुलगी "मामा, मामा" करून उड्या मारतेय, तरी ही म्हणाली, "मामा असाल, नाही कोण म्हणतंय? पण माझ्या यादीत मामा नाहीत." मामांना तिच्या आईला बोलावून आणावं लागलं. आई चिडली, पण दुसऱ्या दिवशी तिनेच शाळेत येऊन आभार मानले. इतक्या वर्षांत ब्रेकमावशीच्या लायसन्सवर एक डाग नव्हता, आणि हे ती कोणी विचारायच्या आत सांगत असे.

असली ही बाई जावयापुढे मात्र मऊ पडली.

जावई वायरमन. माणूस कामसू, बोलायला कमी, आणि सासूला मनापासून आई म्हणणारा. एका नव्या हॉलच्या वायरिंगचं काम त्याला मिळालं होतं. सामान न्यायचा दिवस आला आणि त्याच्या भागीदाराचा टेम्पो ऐन वेळी बंद पडला. तो दारात येऊन उभा राहिला. "आई, तुमची छोटी गाडी आजच्या दिवस मिळेल का?"

तिने पर्समधून घरच्या छोट्या मोटारीची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. वर म्हणाली, "क्लच जरा हळू सोडा, जुना आहे."

त्या मुलखात कायदा असा, की विमा निव्वळ गाडीचा नसतो, ती चालवणाऱ्याचाही लागतो. तिच्या विम्यात एकच नाव होतं, तिचं स्वतःचं. जावयाने आपली जुनी गाडी विकली तेव्हाच त्याचा विमाही संपला होता. तिला वाटलं, त्याचा असेल. त्याला वाटलं, आईंच्या गाडीला असेलच. परक्याला तिने दहा प्रश्न विचारले असते. पण घरच्या जावयाला 'कागद दाखवा' कसं म्हणायचं? जीभच रेटली नाही.

दुपारी उतारावर एक कुत्रं आडवं आलं. जावयाने गाडी बाजूला घेतली, ती एका उभ्या मोटारसायकलला लोळवून थेट चष्म्याच्या दुकानाच्या काचेत शिरली. नशीब, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुकानदार मात्र बाहेर येऊन ओरडला, "चष्म्याचं दुकानच सापडलं का? म्हणजे दिसलं नाही म्हणायचीही सोय नाही!"

पोलीस आले. विमा नाही हे कळल्यावर हवालदाराने विचारलं, "गाडी सासूबाईंची ना? त्यांनीच दिली का? दिली असेल तर त्याही अडकतील." जावयाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "नाही. त्यांना माहीतच नाही. मीच घेतली, न विचारता."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मास्तरची पाचावर धारण बसली होती. सगळं ऐकल्यावर मात्र त्याच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. ब्रेकमावशीने जावयाला पाणी दिलं, त्याच्या मनगटावरची सूज बघितली आणि बर्फ आणायला आत गेली.

ओळखीचा एक वकील होता, मास्तरकडे कोट शिवणारा. त्याने दुसऱ्या दिवशी सगळं उलगडून सांगितलं. विमा नसलेल्या माणसाला गाडी देणं हा मालकाचाही गुन्हा. माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही, विचारून घेणं हे मालकाचंच काम. दंड होतो आणि लायसन्सवर नोंद होते. नुकसानभरपाई विमा कंपनी देणार नाही, ती दोघांच्या खिशातून जाईल. "आणि नोंद झाली," वकील म्हणाला, "की शाळेच्या नियमाप्रमाणे वर्षभर मुलांची गाडी बंद. पण तुमच्या जावयाने मार्ग मोकळा करून दिलाय. बाईंनी फक्त कानावर हात ठेवायचे."

"आणि त्यांचं काय होईल?" तिने विचारलं.

वकील जरा घुटमळला. "न विचारता नेलेली गाडी म्हणजे... कायद्याच्या हिशेबाने चोरीच ती. तुरुंग बहुधा होणार नाही. पण शिक्का राहील."

दोन दिवसांनी हवालदार टाइप केलेला जबाब घेऊन पुढच्या खोलीत आला. मास्तरने कापड बाजूला सारून टेबल मोकळं केलं, स्वतःचं पेनही काढून दिलं. जबाबात एवढंच होतं, की गाडी माझ्या परवानगीशिवाय नेण्यात आली. लेक आली होती, दाराला टेकून उभी होती. जावई तिच्या मागे खाली मान घालून.

ब्रेकमावशीने तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे चोरली?"

"तसंच काहीसं," हवालदार म्हणाला.

"माझ्या दारातून? मी घरात असताना?" तिचा आवाज चढला. "अहो, ह्या गाडीचा दरवाजा उघडला की चार घरं पलीकडे ऐकू जातं. आणि मला पत्ता नाही? लोक काय म्हणतील, ही बाई आमची पोरं सांभाळते आणि हिला स्वतःची गाडी सांभाळता येत नाही?"

हवालदाराला हसू आलं, ते त्याने खोकून घालवलं.

"आई, कर ना सही," लेक रडकुंडीला आली. "ह्यांनीच ठरवलंय. तुझं काम जाईल."

"आणि ह्यांचं? अगं, हा माणूस रोज लोकांच्या घरात शिरतो. कपाटं सरकवतो, माळ्यावर चढतो, घरात कोणी नसताना किल्ली घेऊन काम करतो. चोरीचा शिक्का बसलेल्या वायरमनला उंबऱ्याच्या आत कोण घेईल?"

"मी दुसरं काहीतरी करीन," जावई पुटपुटला.

"जावईबापू, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला खोटं बोलतासुद्धा येत नाही. न विचारता नेली म्हणे! चहा पिऊन गेला होतात तुम्ही."

मास्तरला राहवलं नाही. "अगं, सही करून मोकळी हो. त्यांनी स्वखुशीने..."

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही कोट शिवता. बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचा हात लांब आहे म्हणता?"

"कधीकधी म्हणतो," मास्तर खरं बोलला.

हवालदार ह्या वेळी उघड हसला. तिने पेन टोपण लावून नवऱ्याच्या खिशात परत खोचलं आणि म्हणाली, "कोर्टात काय ते सांगते."

मधल्या दिवसांत मास्तरला चैन पडेना. काजं करताना दोनदा बोटात सुई गेली. व्हॅन गेली तर ही काय करणार, हाच विचार. माणसाला हातपाय असतात तशी तिला व्हॅन होती. त्याने लेकीकडून सांगून बघितलं, वकिलाकडून सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने फक्त एवढंच विचारलं, "तुम्हाला माझी लाज वाटेल का?" त्याने नाही म्हटलं, पण भीती वाटेल हे काही बोलला नाही.

कोर्टाच्या बाहेर लांबच लांब बाकं होती आणि बसायला जागा नव्हती. ती उभीच राहिली. अंगात मास्तरनेच शिवलेला राखाडी कोट, केस घट्ट बांधलेले. आत न्यायाधीशबाई होत्या, वयाने हिच्यापेक्षा लहान. त्यांनी जावयाचा जबाब वाचला आणि चष्म्यावरून हिच्याकडे बघितलं.

"गाडी तुमच्या परवानगीशिवाय नेली, असं हे म्हणतात. बरोबर?"

"नाही, बाईसाहेब. किल्ली मीच दिली. माझ्या हाताने ह्यांच्या हातात."

जावयाने डोळे मिटून घेतले.

"विम्याबद्दल विचारलं होतं?"

"नाही विचारलं. शाळेतल्या मुलाच्या मामालाही मी कागदाशिवाय सोडत नाही. ह्यांना विचारायचा संकोच वाटला. जावई आहेत माझे. चूक आहे, आणि ती माझी आहे. हे मला वाचवायला बघतायत. ह्यांच्यासारखा जावई मिळायला नशीब लागतं, पण ह्यांना चोर ठरवून मला व्हॅनमध्ये बसायला जमणार नाही."

वकिलाने कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर बसलेला मास्तर मात्र कधी उभा राहिला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. शिपायाने खुणेने बसवलं तेव्हा तो बसला. त्याचा ऊर भरून आला होता, आणि एवढे दिवस आपण हिला काय सांगत होतो, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली.

न्यायाधीशबाईंनी जावयाला खोटं बोलल्याबद्दल खरमरीत झापलं. कायद्याने जे व्हायचं ते झालं. दोघांना दंड, दोघांच्या लायसन्सवर नोंद, जावयाचं लायसन्स काही महिने जप्त, आणि दुकानदाराची व मोटारसायकलवाल्याची भरपाई दोघांनी मिळून द्यायची. चोरीचं कलम मात्र निघून गेलं. खाली उतरताना लेक आईच्या गळ्यात पडली. जावई दोन पायऱ्या मागे थांबला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. ब्रेकमावशीने त्याला पुरेसा वेळ दिला, मग हाक मारली, "चला, दुकानदाराकडे जाऊन येऊ. काच कोणत्या मापाची, ते तरी विचारू."

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला सांगितलं, पालकांना आम्ही कळवू, तुम्ही त्रास घेऊ नका. ती म्हणाली, माझं मी सांगते. सोमवारी सकाळी ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या व्हॅनवर एक नवा ड्रायव्हर बसला होता, त्याला तिने चाकं पायाने दाबून बघायला लावली होती. मास्तर दुकान बंद ठेवून आला होता आणि रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभा होता. कोणी काही वेडंवाकडं बोललं तर मध्ये पडायचं, असा त्याचा बेत होता. कसं पडायचं, हे ठरलेलं नव्हतं.

ती एकेका पालकाला थांबवून सांगत होती. विमा नसलेल्या माणसाला मी गाडी दिली, अपघात झाला, माझ्यावर नोंद झाली, म्हणून वर्षभर मी व्हॅन चालवणार नाही. एवढंच. ना रड, ना सबब. कोणी मान हलवली, कोणी तिचा हात हातात घेतला. एक पालक फणकाऱ्याने म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मीच."

"आम्हाला नको असेल तर?"

"तर तुमचं मूल तुम्ही सोडा. बाकीची मी आणीन."

त्या पालकाची मुलगी तोवर ब्रेकमावशीच्या कोटाला धरून उभी होती.

मास्तर कधी रस्ता ओलांडून फाटकापर्यंत आला, त्याला समजलं नाही. रखवालदार नवा होता. अनोळखी माणूस मुलांच्या गर्दीत घुटमळतोय हे बघून त्याने अडवलं. "ओ, तुम्ही कोण? इथे काय काम?"

जन्मभर ह्या प्रश्नाला मास्तरने 'टेलर' असंच उत्तर दिलं होतं. आज त्याने छाती काढली, तिच्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्या फाटकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "त्या बाईंचा नवरा."