खाटेवरची आजी

“त्या झाशीच्या बाईंना कुणीतरी सांगा हो, आजी अशी नसते.”

हे मला उद्देशून नव्हतं. पुण्याहून फोन आला होता. बोलता बोलता तिकडच्या साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि ते खोलीतल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलले. फोन खाली ठेवला की आपला आवाजही तिथेच राहतो, असं पुष्कळांना वाटतं. मी फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिले. मागे अंगणात नळ सोडलेला होता आणि त्या झाशीच्या बाई, म्हणजे आमच्या जिजी, ब्रश धूत होत्या.

ब्रश स्वच्छच होते. पण पुण्याचा फोन आला की जिजी फोन माझ्या हातात द्यायच्या, टेबलावरचे सगळे ब्रश मुठीत गोळा करायच्या, अंगणात जाऊन नळ पूर्ण सोडायच्या आणि बोलणं संपेपर्यंत आमच्याकडे पाठ करून ते धूत बसायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईंना कामातून फुरसत नाही.

“काय म्हणाले?” नळ बंद करून त्यांनी विचारलं.

“नंतर कळवतो म्हणाले.”

जिजी माझ्याकडे बघत राहिल्या. “बेटा, मी जन्मभर तोंडं काढली. वाघाची काढली, उंदराची काढली. तुझं तोंड वाचायला कितीसा वेळ लागणार? बोल.”

मी सांगितलं. जिजींनी ओले ब्रश एकेक करून पदराला पुसले. मग म्हणाल्या, “अशी नसते? मग कशी असते जी?”

जिजी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या. झाशीच्या प्रेम नगरात आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं कुठल्या तरी जुन्या मराठा फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इकडचंच होऊन गेलेलं. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. कधी तरी पुण्याला एका नातेवाइकाच्या लग्नाला गेल्या असताना त्यांची वही एका प्रकाशकांनी पाहिली, आणि तेव्हापासून पुण्याहून गोष्टी येत राहिल्या, झाशीहून चित्रं जात राहिली. जिजी त्या प्रकाशकांना मोठे साहेब म्हणत. आता फोन करायचे ते त्यांचे चिरंजीव, म्हणजे छोटे साहेब.

मोठ्या साहेबांनी त्यांना नेहमी प्राण्यांच्याच गोष्टी दिल्या. कोल्हा, कासव, चिमणी, अस्वल. जिजींच्या पुस्तकातलं जंगल नीट पाहिलंत तर त्यात आमच्याकडचे मोठे मोठे दगड दिसतील, मोहाची झाडं दिसतील, बेतव्याचं उन्हाळ्यातलं आटलेलं पात्र दिसेल. त्यावर कधी कुणी हरकत घेतली नाही. जिजी म्हणायच्या, “वाघाला कोण विचारतं, बाबा रे तू कुठला?”

चित्र झालं की त्या ते घेऊन दारात बसत. येणाजाणाऱ्याला थांबवून विचारत, “कौन है ये?” एकदा लांडग्याचं चित्र होतं. गल्लीतल्या पोरांनी एका सुरात सांगितलं, “जौ तौ अपनो कल्लू आय!” हा तर आपला कल्लू, म्हणजे गल्लीतला कुत्रा. जिजींना वाईट वाटलं नाही. “ओळखला ना? मग झालं. कल्लूला लांडगा व्हायला किती वेळ लागतो,” असं म्हणून त्यांनी लांडग्याला फक्त थोडी शेपूट वाढवून दिली. आमच्या दूधवाल्याच्या म्हशीलाही एका पुस्तकात जागा मिळाली होती. तो भैया ते पुस्तक सायकलच्या पिशवीत घालून फिरायचा आणि दूध मोजता मोजता गिऱ्हाइकांना दाखवायचा.

मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती आईमुळे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरात ऐकायची, उत्तर हिंदीत द्यायची. बाहेरच्या माणसापुढे तर कुठल्याच भाषेत तोंड उघडायचं नाही. आईला काळजी लागली होती. जिजींना वाचणारं माणूस हवं होतं, कारण त्या गोष्ट कधीच स्वतः वाचत नसत. “मी वाचली की मला अक्षरं दिसतात. दुसऱ्यानं वाचली की गोष्ट दिसते.” म्हणून आईने मला पाठवलं.

पहिल्या दिवशी मी अक्षर अक्षर लावत वाचलं. घामाने कागद ओला झाला. प्रत्येक अडखळण्याला मला वाटायचं, आता ही बाई मला घरी पाठवणार. जिजी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मी जिथे थांबेन तिथे हातातल्या पेन्सिलीने समोरच्या कागदावर एक रेघ मारत होत्या. मला वाटलं, चुका मोजताहेत.

“या रेघा कसल्या?” शेवटी मी विचारलं. हिंदीत.

“पानं,” जिजी म्हणाल्या. “तू थांबलीस की पान उलटायचं. घरात लेकराला वाचून दाखवणारी आईसुद्धा तिथेच थांबेल. वाचणाऱ्याचं पुस्तक असतं बेटा, माझं नाही, लिहिणारीचं नाही. वाच पुढे. मोठ्यानं.”

मोठ्यानं, हा त्यांचा शब्द. मी पाणी मागितलं तरी म्हणायच्या, “मोठ्यानं माग, माठ बहिरा आहे.” आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते त्या रेघांमुळे. जिजी जाऊनही आता बराच काळ लोटला. त्या घरात नवे भाडेकरू आहेत, अंगणात त्यांची मोटरसायकल असते. तिथून जाताना मी अजून नळाकडे बघते.

तर ती आजीची गोष्ट. छोट्या साहेबांनी जिजींना पहिल्यांदाच माणसांची गोष्ट पाठवली होती. एक मुलगी सुटीत समुद्रकाठी आजीकडे राहायला येते, तिची एक चप्पल खेकडा पळवतो आणि आजी-नात मिळून ती शोधतात, एवढीच. पाकीट उघडून मी पहिलं पान वाचलं तेव्हा जिजींचे डोळे मिटलेले राहिलेच नाहीत. “माणसं?” त्यांनी विचारलं. “सगळीच माणसं?” शाळेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती त्यांना. “आता मिळाली बघ मला माणसं.”

जिजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नाही. “ओहोटी” हा शब्द आला तिथे मी थांबले, कारण तो काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. जिजींनी रेघ मारली. मग आम्ही आईला विचारायला गेलो. पाणी रोज मागे जातं, हे कळल्यावर जिजी खूष झाल्या. त्या जागी त्यांनी एक पूर्ण पान काढलं, नुसती ओली वाळू आणि एकटी चप्पल.

समुद्र त्यांनी बेतव्याच्या पुरावरून काढला. आणि आजी काढली ती खाटेवर. अंगणात कडुनिंबाखाली सुतळीची खाट, तिच्यावर नऊवारीतली आजी, एक पाय वर घेतलेला, डोक्यावर पदर, हातभर काचेच्या बांगड्या, खाटेखाली पितळी लोटा. मी ते चित्र पाहिलं आणि ओळखलं. माझी आजी अशीच बसायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी म्हाताऱ्या अशाच बसतात, आणि खाटेवरूनच अख्ख्या घराला हुकूम सोडतात.

पुण्याला ती पसंत पडली नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या साहेबांनी फोनवर फोटो पाठवले. लाल दगडाची घरं, नारळाची झाडं, ओट्यावर बसलेली एक आजी. अंबाड्यात फूल, डोकं उघडं. खाली निरोप होता. आजीची सगळी पानं या फोटोंवरून पुन्हा काढावीत. सोमवारी फोन करतो. जमणार नसेल तर स्पष्ट सांगावं, पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे देता येईल. राग मानू नये.

मी तो निरोप वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याआधी थांबले. जिजींच्या हातात पेन्सिल नव्हती.

“राग कसला,” त्या म्हणाल्या. “त्यांचं बरोबरच असेल. आपण काय पाहिलंय तिकडचं.”

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. कॉलेजातून मी सरळ त्यांच्याकडे जायची. दारातून आधी टेबलाकडे बघायची आणि मग त्यांच्याकडे. जिजी फोटो डोळ्यांशी धरून बसलेल्या असत. नारळाच्या झावळ्या त्यांनी हुबेहूब काढल्या. दगडही काढले. आजी येईना. एकदा त्यांनी ब्रश पाण्याऐवजी चहाच्या कपात बुडवला आणि तोच चहा उचलून प्यायला लागल्या. मी ओरडले, तेव्हा कपात बघून म्हणाल्या, “निळा आहे. समुद्राचा घोट घेतला म्हणायचं.” हसल्या, पण लगेच फोटो पुन्हा डोळ्यांशी धरला.

रविवारी दुपारी त्यांनी नवी आजी माझ्यापुढे ठेवली. फोटोतल्यासारखी नीटनेटकी. अंबाडा, फूल, ओटा, सगळं जागच्या जागी.

“खरं सांग,” जिजी म्हणाल्या. “मुलगी पळत आली, लाडू मागितला. ही देईल?”

मी पुष्कळ वेळ बघितलं. “आधी हातपाय धुऊन ये म्हणेल.”

“आणि मग?”

“मग घरात कोण मोठं आहे ते विचारेल.”

जिजी खळखळून हसल्या. मग चित्र स्वतःकडे वळवलं. “पाहुणी आहे ग ही. बिचारी अंग चोरून बसली आहे. मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “पण हिला नाही पाठवलं तर पुस्तक जाईल. जनावरं पुन्हा मिळतील की नाही तेही माहीत नाही. आता नवे लोक आहेत, मशीनवर काढतात.”

मला बोलायचं होतं. शब्द मराठीत जुळवत होते तोवर त्या उठून पोळ्या करायला गेल्या.

सोमवारी त्यांनी दोन्ही आज्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक ओट्यावरची, एक खाटेवरची. फोन मधे ठेवला. जेवण तसंच झाकलेलं होतं.

“काय सांगायचं त्यांना?” मी विचारलं.

“तू वाचलंस ना पुस्तक? तूच ठरव.”

“जिजी, मी कशी ठरवणार? तुम्ही सांगा, मी तसं म्हणेन. हो म्हणू?”

“माझ्यात आता भांडायचा दम नाही, बेटा. आणि घाबरतेपण. ते लोक कसं छान बोलतात, बरं का, हो ना, आणि मी मधेच ‘अच्छा जी’ म्हणते.” त्यांनी दोन्ही चित्रांकडे हात केला. “मला जे आलं ते मी काढलंय. दोन्ही काढल्यात. वाचणारीनं सांगावं, गोष्टीतली कुठली.”

फोन वाजला. जिजींनी ब्रश गोळा केले आणि अंगणात गेल्या. नळ सुटला.

छोटे साहेब फार सौजन्याने बोलत होते. कशा आहात, जिजींची तब्येत कशी, तिकडे ऊन फार असेल. मी “हो”, “बरी आहे”, “हो” म्हणत होते. आजवर त्यांच्याशी मी यापेक्षा लांब वाक्य बोललेच नव्हते. “सांगते त्यांना” हे माझं सगळ्यात मोठं वाक्य.

“मग, आजीची पानं झाली का बदलून?” त्यांनी विचारलं.

टेबलावर ओट्यावरची आजी समोर बघत होती. खाटेवरच्या आजीचा एक पाय वर होता आणि तिने नातीसाठी खाटेची अर्धी बाजू मोकळी सोडली होती. हे मी आधी पाहिलं नव्हतं.

“हॅलो?” साहेब म्हणाले. “हे बघा, जिजींबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ही मराठी आजी आहे. आमच्या मुलांना ती आपली वाटायला नको का?”

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. “हो” तोंडापर्यंत आलं होतं. नेहमीचं, सोपं. मी अंगणाकडे पाहिलं. जिजींची पाठ माझ्याकडेच होती, ब्रश मुठीत होते, पण पाणी वाजत नव्हतं. त्यांनी नळ बंद केला होता.

“बदलली नाहीत,” मी म्हणाले. आवाज चिरकला. मग मी मोठ्यानं म्हणाले, “साहेब, मी झाशीची आहे. मला ती आपली वाटते. आजी अशीच असते. खाटेवर बसते, डोक्यावर पदर घेते आणि मराठीच बोलते. मी ऐकलंय तिला.”