तीन मिनिटांचा मास्तर

मास्तर गाताना पुढच्या रांगेकडे बघत नसे. पुढच्या रांगेत सरपंच, जयंती समितीचे लोक, आजूबाजूच्या गावांतले जाणकार बसायचे, माना हलवायचे, वा मास्तर म्हणायचे. मास्तर त्यांना हात जोडायचा आणि नजर उचलून पार मागे टाकायचा, जिथे बाया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या असत. त्या बायांत माझी बायको असायची. मी त्याच्या शेजारी ढोलकी घेऊन बसलेलो, आणि हा माझ्या देखत माझ्या बायकोकडे बघून गायचा. तो सगळ्याच बायांकडे बघायचा हे मलाही माहीत आहे. पण जळायला एवढं पुरतं.

शाळा त्यानं माझ्याइतकीच पाहिली होती, म्हणजे आतून कमी आणि बाहेरून जास्त. तरी दुसरबीडपासून हिवरा आश्रमापर्यंत त्याला कोणी नावानं हाक मारली नाही. स्टँडाजवळ त्याचं शिलाईचं दुकान होतं, आणि शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. गायन पार्टीत पेटी वाजवणाऱ्यालाही मास्तर म्हणतात. हा दोन्हीकडून मास्तर. मी गवंडी. दिवसभर विटा, कार्यक्रम असला की ढोलकी. मला कोणी काही म्हणायचं नाही, नुसतं सुखदेव म्हणायचे. मास्तर तेवढा दादा म्हणायचा, कारण मी त्याच्याहून दोन पावसाळे मोठा.

कापड कापायला तो भीत नसे. लोकांनी लग्नाचं महागाचं कापड आणावं आणि यानं चहा पीत पीत त्यात कात्री घालावी. गिऱ्हाईकाचा जीव वरखाली व्हायचा. मास्तर म्हणायचा, "कापल्याबिगर अंगात बसत नाही, भाऊ." हे वाक्य त्याच्या तोंडी कायम असे. ते तो पुढे गाण्यालाही लावेल हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी त्याच्याबरोबर बसलोच नसतो.

आमच्या पार्टीचं एक मोठं गाणं होतं. त्याला दुसरं नावच नव्हतं, मोठं गाणं. राजपुत्र महाल सोडून निघतो, त्याची सगळी कथा त्यात होती. मास्तर आधी नुसता सूर धरायचा, बऱ्याच वेळानं शब्द यायचे, मग मी हळूच रूपक तालात शिरायचो. पुढे चाल बदले, ताल बदले, घोडा निघाला की केरवा, नदी आली की सगळं थांबे आणि ढोलकी एकटी. तिथं मी माझ्या मनाचा राजा. धामणगाव बढ्याला कार्यक्रम असला की आजूबाजूच्या खेड्यांतले म्हातारे सायकली हाणत यायचे, आणि त्यांना शब्दांशी काही देणंघेणं नसे, ते ढोलकी एकटी होते ती जागा ऐकायला यायचे. एका म्हाताऱ्यानं तर माझे हात हातात घेऊन बघितले होते. गाणं संपेपर्यंत चहाची भगुनी दोनदा चुलीवर चढायची. असं गाणं पुन्हा होणार नाही. मी हे माझी ढोलकी त्यात होती म्हणून म्हणत नाही. म्हणजे त्यासाठीही म्हणतो.

मास्तरला वेगळंच दिसत होतं. एकदा परत येताना टेम्पोत तो मला म्हणाला की नदी आली की बाया उठतात. मी म्हणालो, लेकरं रडत असतील. तो म्हणाला, लेकरं घोड्याच्या वेळेला काऊन नाही रडत? मी ढोलकीच्या दोऱ्या आवळू लागलो, कारण नदीची जागा माझी होती.

मग त्यानं जालन्याहून कॅसिओ आणला. बटण दाबलं की आतूनच ठेका निघायचा, न थकणारा, न चुकणारा, आणि कशातच न रंगणारा. मोठं गाणं यानं लग्नाच्या कापडासारखं पसरलं आणि कात्री घातली. सूर धरणं गेलं. रूपक गेला. नदी गेली. उरली एक चाल, एक धृपद, आणि राजपुत्राच्या जागी मागे राहिलेली त्याची बायको. ती उठते तर दार लोटलेलं. 'दार लोटून गेलास, कडी कोण लावील?' एवढंच सारखं सारखं. तीन मिनिटांत खलास. मी ढोलकी मांडीवर घेऊन नुसता बसलेला, बटणानं जागा सोडली तर थाप द्यायची.

पहिल्यांदा हे गाणं धामणगाव बढ्याला झालं. सायकलवाले म्हातारे तंबाखू मळत उठले. त्यांच्यातल्या एकानं जाता जाता मोठ्यानं म्हटलं की चला, तीन मिनटाचा मास्तर झाला हा. ते नाव मग चिकटलं. पण मागच्या बाया उठल्या नाहीत. उलट कार्यक्रम संपला तरी तेच पुन्हा म्हणा म्हणून बसून राहिल्या. मी रागानं मास्तरला विचारलं, "गाणं हाये का बिडी हाये बे? पेटवली का संपली."

"बिडी संपते म्हून तर माणूस दुसरी पेटवते, दादा," तो म्हणाला, आणि कॅसिओ फडक्यात गुंडाळू लागला.

मला वाटलं, निदान माझ्या घरात माझ्या बाजूनं कोणी असेल. वच्छला, म्हणजे माझी बायको, भाकरी थापताना तेच म्हणू लागली. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला गेली तर तिथं अख्ख्या ओळीतल्या बाया तेच म्हणत. आमच्या वस्तीतल्या, पाटलाच्या घरच्या, सगळ्या. आळीत दुपारच्या वेळी कुठून ना कुठून तरी कडी कोण लावील ऐकू यायचंच. वीस वर्षं मी मोठं गाणं वाजवलं, वच्छलेच्या तोंडून त्यातली एक ओळ कधी आली नाही. शेवटी मी तिला सरळ विचारलं की मोठ्या गाण्यात काय वाईट आहे. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "वाईट कायले? चांगलंच हाये. पण पावण्यावानी हाये. बसलं का उठतच नाही."

त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनं आग्रहही केला नाही, ती गुणगुणत होती.

आता बक्षिसाचं सांगतो. आमच्यात रीत अशी, की गाणं आवडलं तर ऐकणारा नोट वर पाठवतो, गाणारा मधेच थांबून माईकवर त्याचं नाव पुकारतो, आणि त्या नावाच्या मानासाठी ढोलकीवाल्यानं एक जोरदार तोडा वाजवायचा. बाईनं पाठवलं तरी नाव नवऱ्याचं पुकारायचं. दुसरबीडच्या जयंतीला कडीचं गाणं चालू असताना मागून नोट आली. समितीच्या माणसानं चिठ्ठी मास्तरच्या हातात दिली. मास्तरनं ती वाचली, माझ्याकडे बघितलं, तोंडावरची रेघ हलू दिली नाही, आणि माईकवर म्हणाला, "आपलेच ढोलकीवाले सुखदेवदादा. हे गाणं त्याहिले इतकं आवडलं का वाजवता वाजवताच पार्टीले बक्षीस."

मंडप हसून आडवा झाला. मला मागे बघायचीही गरज नव्हती. रीत मोडता येत नाही, तेव्हा मी माझ्याच नावानं तोडा वाजवला. त्या गाण्याला, ज्यात मला बसायला जागा नव्हती. घरी आल्यावर वच्छला म्हणाली की दुसऱ्या कोणाचं नाव सांगितलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? 

तिचे ब्लाऊजही तोच शिवायचा. जुना ब्लाऊज मापाला द्यायचा, बस. तरी इतके बरोबर बसायचे की मला ते सोसायचं नाही. मी एकदा तिला मेहकरच्या शिंप्याकडे टाकायला लावलं. त्यानं बाही बिघडवली. वच्छला तो बिघडलेला ब्लाऊज घेऊन मास्तरकडे गेली, मास्तरनं उसवून नीट केला, आणि माझ्यासाठी निरोप दिला की दादाले सांगा, मेहकरचा रस्ता खराब हाये, उगी जाऊ नका.

असा तो होता. त्याचा राग धरावा तर तो आपल्याला हसवून टाकी. माझा मुलगा आजारी पडला तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्याबरोबर तो बसला, दुकान बंद ठेवून. मी घराचा स्लॅब टाकला तेव्हा यानं पार्टीतली सगळी पोरं घमेली उचलायला आणली. भांडण कितीही झालं तरी दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना कट चहा ठरलेला. आणि त्याची कीर्ती तर वाढतच गेली. आता कडीचं गाणं मोबाईलवर आहे, पुण्याला कंपनीत काम करणाऱ्या आमच्याकडच्या पोरी त्यावर नाचून व्हिडिओ टाकतात. त्या पोरींना मोठं गाणं होतं हेही माहीत नाही. मास्तर मला ते व्हिडिओ दाखवायचा. म्हणायचा, बघा दादा, एकही उठून नाही राह्यली. मी म्हणायचो, मोबाईलवर कुठं उठून जाणार त्या? त्यावर तो पोट धरून हसायचा.

मागच्या वर्षी वच्छला गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि माणूस गेलं. 

पुण्यानुमोदनाचा दिवस आला. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी वंदना होते, लोक दोन शब्द बोलतात, जेवण असतं, आणि घर गाणाऱ्याचं असेल तर पार्टी बसते. आळीतल्या बायांनी मास्तरला सांगितलं होतं की वच्छाबाईचं आवडतं म्हणा. मी सांगितलं की मोठं गाणं होईल, पुरं होईल, नदीसकट. माझी बायको गेली होती. एवढा एक दिवस तरी ती माझ्या गाण्यात बसावी, असं मला वाटत होतं. तिच्या आवडीवर आयुष्यभर मास्तरचा हक्क राहिला, निदान तिच्या जाण्यावर माझा असावा. मास्तरनं हो म्हटलं. कॅसिओ दुकानातच ठेवून आला आणि जुनी पेटी घेऊन बसला.

दुपारची वेळ होती, दारापुढे मंडप टाकलेला. त्यानं सूर धरला. आवाज फाटला होता, पण सूर जागचा हलला नाही. मी रूपकात शिरलो. इतक्या वर्षांनी हात चालेल का याची भीती होती, पण हात चालला. घोडा निघाला. नदी आली. मास्तर थांबला, मी एकटा वाजवू लागलो, आणि मला वाटलं की आता वच्छला ऐकत असेल तर हेच ऐकावं.

मागच्या बाया उठू लागल्या. वाईट मनानं नाही, कोणाला पत्रावळी बघायच्या होत्या, कोणाला पाणी. मास्तरनं ते बघितलं. माझी नदी पुरी व्हायच्या आत त्यानं पेटीवर बोटं ठेवली आणि कडीचं गाणं धरलं.

बाया होत्या तिथे खाली बसल्या. दुसऱ्या ओळीला सगळ्या म्हणू लागल्या. माझी सून म्हणत होती, मला माहीतही नव्हतं तिला येतं म्हणून. बटणाचा ठेका नव्हता, म्हणून कोणीतरी वाजवायला हवं होतं. साधा केरवा, पोरंसोरंही वाजवतील असा. मी वाजवला.

जेवणं झाल्यावर मी मास्तरला बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं की आजच्या दिवशीही तुला कात्री लावायचीच होती का. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग त्यानं जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कॅसिओ येण्याच्याही आधी वच्छला ब्लाऊज टाकायला त्याच्या दुकानात गेली होती, आणि त्याला म्हणाली होती, "भाऊजी, तुमच्या त्या गाण्यात राजा जाते, घोडा जाते, नदी येते. पण ती बाई झोपीतून उठली का नाही, तेवढं तं सांगा."

"तवाच मी ते कापाले घेतलं, दादा," मास्तर म्हणाला. "गाणं तिचंच हाये. मी नुसतं शिवलं."

मी म्हणालो, "मंग मले काऊन नाही म्हणली ती?"

"म्हणली असंन. तुमी वाजवून राह्यले होते."

त्याच्यावर हात उचलावा असं वाटलं. उचलला नाही. त्याचे डोळे माझ्याहून जास्त लाल होते, आणि मला त्याचाही राग आला. रडायचा हक्क माझा होता.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. हिवाळ्यात दुकानात बसल्या बसल्या गेला, मशीनवर कोणाचा तरी सदरा अर्धा शिवलेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला तीन तालुक्यांतून माणसं आली, बाया तर मोजता येईनात. सायकलवाल्या म्हाताऱ्यांपैकी जिवंत एकच, त्याला नातवानं गाडीवर आणलं. तोही कडीचं गाणं म्हणत होता. मी त्याच्याकडे रोखून बघितलं तर म्हणाला, काय करता, सुनेमुळं पाठ झालं.

आता मी दिवसभर घरातच असतो. सून गुणगुणते ते ऐकतो. मोठं गाणंच खरं गाणं होतं, हे मी आजही म्हणतो, आणि कोणाला वाद घालायचा असेल तर त्यानं यावं, मी रिकामाच आहे. पण मास्तर नसताना हे कोणाशी बोलावं? त्याच्यासारखा चिडवणारा राहिला नाही.

आमच्यात मेल्यावर वर कुठं जायचं, भेटायचं, असलं काही मानत नाहीत. मी त्यावर पहिल्यापासून समाधानी आहे, आणि आता तर जास्तच. कारण असतं तर मास्तर तिथे माझ्या आधी पोचला असता. वच्छलेनं त्याला बसायला दिलं असतं, चहा ठेवला असता, आणि भाऊजी एकदा म्हणा म्हटलं असतं. मी आपला ढोलकी घेऊन मागून येतो आहे, आणि या दोघांचं गाणं केव्हाच संपलेलं.