डिझेल आणि कंडक्टरबाईंचा आवाज

कंडक्टरबाईंचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. भरलेल्या बसमध्ये मागच्या दाराशी उभं राहून त्या "पुढे सरका!" म्हणाल्या, की आतले तर सरकायचेच, पण शेजारून चाललेला रिक्षावालाही उगाच बाजूला व्हायचा. हा आवाज काही त्या जन्माला येताना घेऊन आल्या नव्हत्या. नोकरीला लागल्या तेव्हा डेपोत दुसरी बाई नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका महाभागाने तिकिटासाठी पुढे करायचा हात भलतीकडे नेला, आणि बाईंनी अशी काही बोंब ठोकली की ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. महाभाग तिथेच उतरला. बाईंना तेव्हा कळलं की आपल्याकडे दुसरं काही नसलं तरी चालेल, हे हत्यार असलं पाहिजे.

निवृत्त झाल्या तेव्हा डेपोतून दोन गोष्टी घेऊन आल्या. एक, तिकिटाला भोक पाडायचा पंच. तो परत मागायची कोणाची छाती झाली नाही. आणि दुसरा डिझेल.

डिझेल म्हणजे कुत्रा. काळाकुट्ट, एका कानाचा शेंडा गेलेला, वर्कशॉपमध्ये टायरांच्या आडोशाला वाढलेला. लहानपणी कोणीतरी त्याला काठीने झोडपून काढला होता. तेव्हापासून माणूस दिसला की तो आधी भुंकायचा, मग विचार करायचा. नवे मॅनेजर आले आणि डेपोतली सगळी कुत्री उचलायचा हुकूम सुटला. बाई म्हणाल्या, "याचा पास माझ्याकडे आहे," आणि त्याला दोरीला बांधून सरळ घरी घेऊन आल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. अशा जिन्यात डिझेल म्हणजे काय विचारता! दूधवाला पिशवी खालीच ठेवून पळायचा. दुसऱ्या मजल्यावरची आजी दार किलकिलं करून आधी कानोसा घ्यायची, मगच पाऊल बाहेर. लोकांची भीती खोटी नव्हती, हे बाईंनाही कळत होतं, पण कबूल कोण करणार! शेवटी एके दिवशी इमारतीचे सेक्रेटरी वळणावर समोर आले, डिझेल दोरी ताणून अंगावर गेला, आणि सेक्रेटरी मागच्या मागे चार पायऱ्या घसरत खाली बसले. चावला नाही हो, शिवलासुद्धा नाही. पण सेक्रेटरींची कंबर धरली ती धरलीच, आणि हातात काठी आली.

काठी टेकत ते बाईंच्या दारात उभे राहिले. "पुढच्या बैठकीत ठराव मांडतोय. कुत्रा गेला पाहिजे. गोदामवाला राखणीला कुत्रा शोधतोच आहे, त्याला देऊन टाका."

आतल्या खोलीत कोंडलेला डिझेल दारावर धडका देत होता. बाई त्याच्यावरून आवाज चढवून म्हणाल्या, "मी शिकवीन त्याला."

"शिकवाल?" सेक्रेटरी हसले. "बाई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"शेपटाला कोण शिकवतंय? मी तोंडाला शिकवणार आहे. तुमच्या त्या बैठकीत घेऊन येते त्याला, सगळ्यांच्या मधोमध बसवते. एकदा जरी भुंकला ना, तर मी स्वतः त्याला गोदामात सोडून येईन. झालं समाधान?"

झालं. दार लावलं आणि बाईंना ते गोदाम आठवलं. त्यांच्या बसच्या रस्त्यावरच होतं ते. तिथला आधीचा कुत्रा त्यांनी वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिला होता. हातभर साखळी, मानेवरचे केस घासून गेलेले, आणि शेवटी शेवटी तर तो गाडी आली तरी मान उचलेना. आपल्या जिभेला काही हाड? कुत्र्याचा जीव पणाला लावून बसलो, असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डिझेलला लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "हा चिडका नाही, भित्रा आहे. माणूस जिथून दिसतो, पण हा अजून भुंकत नाही, तेवढं अंतर शोधा. माणूस दिसला आणि हा गप्प राहिला, की त्याच क्षणी एक खूण करायची, नेहमी तीच, आणि लगेच खाऊ. रोज थोडं थोडं जवळ जायचं. घाई केलीत की मुसळ केरात."

खूण म्हणजे काय शोधायला जायचं होतं? पंच होताच. टिक केलं की उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा.

आणि इथेच बाईंनी घोळ घातला, तोही असा की कंडक्टरशिवाय दुसरा कोणी घालूच शकला नसता. आयुष्यभर हा पंच त्यांनी कोणासमोर वाजवला? जो ऐकत नाही त्याच्यासमोर. तिकीट न काढता खिडकीबाहेर बघत बसलेला, दारात लोंबकळणारा, त्याच्या कानाशी टिकटिक टिकटिक. हाताला तीच सवय. डिझेल भुंकला की हात आपोआप टिक करायचा, टिक झालं म्हणून तुकडा द्यायचा. काही दिवसांत डिझेलचा हिशोब पक्का झाला. समोर चिटपाखरू नसलं तरी तो एकदा खणखणीत भुंकायचा आणि वळून बाईंच्या खिशाकडे बघायचा.

हे समोरच्या घरातल्या नर्सबाईंनी पाहिलं. ड्यूटीवरून येताना त्या जिन्याखाली थांबल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुम्ही त्याला भुंकायला शिकवताय! आणि शिकलाय की छान!"

बाईंना आधी राग आला, मग हसू, मग रडू. पण हार मानतील तर त्या कंडक्टरबाई कसल्या! दुसऱ्या दिवशी पंच डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला जुन्या सवयी नव्हत्या. आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शिकवणीची जागा त्यांनी निवडली ती बसथांब्यासमोरचं मैदान. कोणती गाडी कधी येणार, तिच्यातून किती माणसं उतरणार, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. गर्दी अचानक अंगावर यायचा प्रश्नच नव्हता. मैदानाच्या पार टोकाला दोघं बसायची. गाडी थांबायची, माणसं उतरायची, डिझेलचे कान उभे व्हायचे. भुंकायच्या आत टिक. तुकडा. पुन्हा टिक. असं करत करत ती दोघं मैदान ओलांडून थांब्याच्या अलीकडच्या झाडापर्यंत आली. नर्सबाई मधूनच अनोळखी माणसासारख्या समोरून जायच्या, कधी छत्री उघडून, कधी काठी टेकत. काठीला डिझेल थरथरायचा, बाईंच्या पायाला चिकटायचा, पण गप्प राहायचा.

एके दिवशी बाईंच्या बसवरच्या जुन्या ड्रायव्हरने त्यांना झाडाखाली बघितलं आणि प्रेमाने लांबलचक हॉर्न वाजवला. बाईंचं डोकं फिरलं. "अरे मेल्या, अक्कल गहाण टाकलीस का? दिसत नाही इथे काय चाललंय?" हे शब्द सगळ्या थांब्यावर घुमले आणि डिझेल दोरी तोडायच्या बेताने गाडीवर धावला.

"सगळं मुसळ केरात घातलं त्या हॉर्नने," बाई धापा टाकत म्हणाल्या.

नर्सबाई त्या दिवशीही समोरून येत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "रागावू नका हं. हॉर्न वाजला तेव्हा तो तुमच्याकडे बघत होता. तुम्ही ओरडलात तेव्हा भुंकला."

खरं होतं ते. त्या चिडल्या की दोरी ताठ व्हायची, आवाज चढायचा, आणि डिझेल समजायचा की आलं संकट, आपल्या बाईंना वाचवलं पाहिजे. म्हणजे शिकायचं कोणी होतं? ज्या आवाजाने त्यांना एवढी वर्षं भर गर्दीत उभं ठेवलं, तोच खाली ठेवायचा होता. हे त्यांना फार जड गेलं. बोलायच्या आधी त्या ओठ घट्ट मिटायच्या, हातातली दोरी सैल करायच्या. भाजीवालीने वजनात काटा मारला तरी हळू आवाजात "पुन्हा तोल" म्हणायच्या. भाजीवालीला वाटलं बाईंचा घसा बसलाय, तिने दोन लिंबं वर टाकली.

बैठक तळमजल्यावर, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल करून. बाई मधोमध जमिनीवरच बसल्या, डिझेल त्यांच्या मांडीला टेकून. सगळ्या इमारतीचे डोळे त्याच्यावर. दूधवाला मुद्दाम थांबला होता. टिक. तुकडा. एक खुर्ची घासली. टिक. तुकडा. आजी खोकली. डिझेलने तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

सेक्रेटरी उठले. काठी फरशीवर आपटून म्हणाले, "आज गप्प आहे. उद्याचं काय? ही काय सर्कस आहे का?" पुन्हा काठी. डिझेलच्या मानेवरचे केस उभे राहिले. बाईंनी दोरी सैल सोडली. टिक. तो बसून राहिला.

काठीने काम होत नाही म्हटल्यावर सेक्रेटरींनी मालकिणीकडे मोर्चा वळवला. "आणि भरवसा कोणाचा धरायचा? जिचा आवाज ऐकून स्वतःचा नवरा घर सोडून पळाला, ती कुत्र्याला शांत ठेवणार?"

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

नवरा गेला होता हे खरं. हेच शब्द बोलून गेला होता हेही खरं. उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं, तयार, धारदार, बसभर पुरेल एवढं. मांडीला टेकलेली डिझेलची बरगडी त्यांना कळत होती. त्याने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी उत्तर गिळलं. टिक बरोबर वाजलं. दोरी ढिलीच राहिली. डिझेलने तुकडा घेतला आणि हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकली.

पहिली आजी बोलली. "राहू दे त्याला. माझ्या नातवंडांपेक्षा शहाणा बसलाय." मग दूधवाला, ज्याला खरं तर बोलायचा अधिकार नव्हता, तो "राहू दे" म्हणाला. हात वर होत गेले. सेक्रेटरींनी मोजले, नाखुशीने पुन्हा मोजले आणि म्हणाले, "ठीक आहे. कुत्रा राहील."

"पक्कं?" बाईंनी हळूच विचारलं.

"पक्कं."

बाई उठल्या. दोरी नर्सबाईंच्या हातात दिली. "याला वर घेऊन जाता का? खिडक्या लावून घ्या, आणि उरलेली सगळी कोंबडी देऊन टाका त्याला." डिझेल शेपटी हलवत नर्सबाईंबरोबर जिना चढला. बाई मान वर करून ऐकत राहिल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दार लागलं.

मग त्या सेक्रेटरींकडे वळल्या. "आता बोला. माझ्या नवऱ्याचं काय म्हणत होतात?"

पोट भरून हवा घेतलेला तो आवाज होता. खुर्च्यांवरची माणसं ताठ झाली. सेक्रेटरी एक पाऊल मागे सरकले. "बाई, बाई... जरा हळू बोला."

"हळू बोलायला मी शिकले ती त्याच्यासाठी," कंडक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही!" आणि पुढचं सगळं रस्त्यापलीकडच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांनाही शब्दन् शब्द ऐकू आलं.