गोधडीखालचा टीव्ही

संजू काल गेला.

फीटने नाही. हार्टने.

आणि मी जन्मभर फीटला घाबरत बसले.

संजू माझा धाकटा भाऊ. आमचं घर जळगावला, मेहरूणमध्ये. मी दहावी देऊन बसले होते आणि तो सातवीत जाणार होता, तेव्हा मामाने गल्फमधून कॉम्प्युटर आणला. रबराची बटणं, वहीएवढा. तो टीव्हीला जोडायचा आणि गेम यायचे कॅसेटमधून.

हो, गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेट. आजच्या पोरांना सांगितलं तर येड्यात काढतात.

आईच्या टेपमध्ये कॅसेट घालायची, प्ले दाबायचं, आणि मग कितीतरी वेळ नुसती किर्रर्र. टीव्हीच्या कडांना लाल-निळे, मग पिवळे-निळे पट्टे सरसर धावायचे. ते थांबले की गेम सुरू.

मे महिना, भर दुपार. त्या पट्ट्यांकडे बघता बघता संजू एकदम आडवा झाला.

दातखीळ बसलेली. हातपाय झटकत होता. तोंडाला फेस.

मला वाटलं, मेला. मी किंचाळायचंसुद्धा विसरले.

आमची आत्या, अक्का, भडगावहून आलेली होती. तिने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. तो शुद्धीवर आला तरी टेपची किर्रर्र चालूच होती. अक्काने ती कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "बठ्ठं या आवाजनं शे. पोऱ्याना डोकामा घुसस."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण घरात निदान चाललं ते अक्काचं, आवाज पोराच्या डोक्यात घुसतो.

आबा, म्हणजे आमचे वडील, कॉम्प्युटर माळ्यावर टाकायला निघाले होते. संजूने जेवण सोडलं. मग तह झाला. लोडिंग होईपर्यंत संजूच्या कानात कापूस, आणि टेप लांब, स्वयंपाकघरात. वायरला वायर जोडून.

आता ऐकूच येईना, म्हणून तो बिचारा टीव्हीला नाक लावून बसायचा. झालं का, झालं का.

परत फीट.

अक्काने कापूस वाढवला.

मला रात्रंदिवस एकच दिसायचं. संजू पडलाय आणि या वेळी उठत नाहीये. गेम सोड म्हटलं की तो हसायचा. "ताई, तू लय घाबरट."

पुढच्या वेळी मी टीव्हीकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत बसले. त्याच्या डोळ्यांत ते पट्टे पळत होते आणि पापणी थरथरायला लागली होती.

मी उठले, गादीवरची गोधडी ओढली आणि टीव्हीवर टाकली. त्याच्या कानातला कापूस उपटून काढला.

"ताई, दिसत नाही ना!"

"मग ऐक."

टेप परत त्याच्याजवळ आणली. तो डोळे मिटून ऐकायला लागला. नाव, चित्र, गेम, प्रत्येकाची किर्रर्र वेगळी असायची. "आता नाव आलं... आता चित्र येतंय... झालं, काढ गोधडी." एकदाही चुकला नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, असल्या लुकलुकत्या उजेडाने काहींना फीट येते.

त्यानंतर लोडिंगला कधी फीट आली नाही. तरी किर्रर्र सुरू झाली की मी मागून त्याचा शर्ट मुठीत धरून बसायची.

मोठेपणी कधीमधी फीट यायचीच. धुळ्याला नोकरी लागली तेव्हा मी त्याच्या रूममेटला बाजूला घेऊन सगळं समजावलं. संजू भडकला. "ताई, का बदनामी करतेस माझी?" त्याच्या लग्नात मांडवातल्या लुकलुकणाऱ्या माळा मी काढायला लावल्या. सासरची माणसं तोंडाकडे बघत राहिली. फोनवर माझं पहिलं वाक्य कायम तेच, गोळी घेतली का.

काल धुळ्याला पोचले, तेव्हा त्याची बायको सुनीता माझ्या गळ्यात पडली.

म्हणाली, "आठवडाभर छातीत दुखत होतं त्यांच्या. मी म्हटलं, ताईंना फोन करते. तर म्हणाले, नको, ती घाबरेल."

घाबरले असते रे.

घाबरले असते, पण मिळेल त्या एसटीने आले असते. तुला ओढत दवाखान्यात नेलं असतं. तू चिडला असतास, बदनामी म्हणाला असतास.

जा बाबा संजू. सांभाळून जा.

तुझी ताई.